गोष्टीतली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या वर्गावर मी गतीची समीकरणे शिकवीत होतो. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून अगदी रंगून गेलेला दिसला. गणिताच्या तासाला एवढी एकाग्रता सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून जवळ जाऊन पाहिले, तो वहीच्या आड एक पुस्तक उघडलेले. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे जुने, पाने सुटलेले मराठी रूपांतर. मी ते काढून घेतले, ‘अवांतर वाचन घरी करावं’ असे काहीतरी बोललो आणि पुस्तक टेबलाच्या खणात टाकून दिले.

तास संपल्यावर मुलगा टेबलापाशी आला. मला वाटले, पुस्तक मागायला आला असेल. पण त्याने विचारले, “सर, त्यांचा कुत्रा मरतो आणि ते त्याला गोळ्याच्या बाहेर टाकतात. तो खाली पडत नाही, गोळ्याच्या बरोबरच चालत राहतो. मग आत बसलेल्या माणसांना वजन कसं काय असतं?”

मी म्हणालो, “उद्या सांगतो.” खरे सांगायचे तर त्या क्षणी मला उत्तर सुचलेले नव्हते.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या ‘अवांतर वाचना’विषयी, म्हणजे विज्ञानकथेविषयी. मुलांच्या हाती विज्ञानकथा का द्यावी, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे, कडू औषध मधातून द्यावे तसे त्यातून विज्ञान पोटात जाते. आणि दुसरे म्हणजे, या कथा भविष्य सांगतात. कालची कल्पना उद्याचे यंत्र होते. दोन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे. पण या कथांचा इतिहास जरा बारकाईने पाहिला, तर एक तिसरेच उत्तर हाती लागते, आणि शिक्षकाच्या दृष्टीने मला ते अधिक मोलाचे वाटते. चांगली विज्ञानकथा विद्यार्थ्यापुढे एक विधान ठेवते, आणि ते विधान खरे की खोटे हे त्याला स्वतःच्या पेन्सिलीने तपासून पाहता येते.

या इतिहासाचे एक मोठे पान पॅरिसमध्ये लिहिले गेले. तिथे पियेर-ज्यूल हेत्झेल नावाचा एक प्रकाशक होता. १८६३ साली त्याने वकिलीचे शिक्षण घेतलेल्या पण वकिलीत मन न रमलेल्या एका लेखकाची कादंबरी छापली. लेखक ज्यूल व्हर्न आणि कादंबरी ‘बलूनमधून पाच आठवडे’. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १८६४ साली, हेत्झेलने झाँ मासे या शिक्षणप्रसारकाच्या सोबतीने मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी एक नियतकालिक काढले. त्याचे नावच मुळी ‘शिक्षण आणि मनोरंजन’ असे होते. व्हर्नच्या पुष्कळ कादंबऱ्या या नियतकालिकातून क्रमशः आल्या. भूगोल, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान, खगोल यांतले त्या काळचे सारे ज्ञान प्रवासाच्या गोष्टींतून मुलांपुढे मांडायचे, असा हेत्झेलचा उघड संकल्प होता.

‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही व्हर्नची कादंबरी १८६५ साली आली आणि तिचा उत्तरार्ध १८७० साली पुस्तकरूपाने निघाला. अमेरिकेतल्या तोफांच्या शौकिनांचे एक मंडळ चंद्रावर गोळा डागायचे ठरवते. त्यासाठी फ्लोरिडात जमिनीतच एक अजस्र तोफ ओततात. तिची लांबी ९०० फूट. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. गोळा पोकळ, आणि त्यात तीन माणसे बसलेली! प्रवासाला वेळ ९७ तासांचा.

पुढे १९६९ साली जुलैच्या १६ तारखेला अपोलो ११ खरोखरच फ्लोरिडातून निघाले. त्यातही तीनच माणसे होती आणि पाचव्या दिवशी त्यांतली दोघे चंद्रावर उतरली. तेव्हापासून व्हर्नला जो तो द्रष्टा म्हणू लागला. म्हणोत बापडे. पण मला त्याच्या या कथेत जे बरोबर निघाले त्यापेक्षा जे चुकले त्याचे मोल अधिक वाटते.

आता ती तोफच घ्या. पृथ्वीची ओढ तोडून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. व्हर्नने धरलेला वेग त्याच्या अगदी जवळ आहे. गणिताचे अध्यापक असलेल्या आपल्या एका नातेवाइकाकडून त्याने आकडेमोड तपासून घेतली होती. पण एक गोष्ट तशीच राहिली. हा वेग गोळ्याला कुठे मिळायचा? तोफेच्या नळीत. नळी किती लांब? ९०० फूट, म्हणजे साधारण २७४ मीटर. अकरावीचा विद्यार्थी जे समीकरण पाठ करतो, वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर, त्यात हे आकडे घालून पाहा. स्थिर उभ्या गोळ्याला हा वेग गाठायला अवघा एक विसांश सेकंद मिळतो आणि त्वरण येते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस हजार पट! म्हणजे साठ किलोच्या माणसाला त्या क्षणी आपले वजन तेराशे टनांहून अधिक वाटले असते. ‘वाटले असते’ म्हणायचे एवढेच. वाटायला तो शिल्लक राहिला नसता. धक्का शोषून घेण्यासाठी व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचे थर कल्पिले होते. बावीस हजार पटींपुढे त्या पाण्याचा काय पाड लागणार?

ही आकडेमोड अवघी चार ओळींची आहे. पण ती करावी असे वाचकाला वाटले पाहिजे. ट्रान्सिल्व्हेनियात वाढलेल्या हेर्मान ओबेर्थ या मुलाला ते वाटले. ओबेर्थचा जन्म १८९४ सालचा. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याने व्हर्नची ही पुस्तके वाचली, पुनःपुन्हा वाचली, जवळजवळ तोंडपाठ केली. आणि मग त्यांतले आकडे तपासायला घेतले. तोफेने माणूस जिवंत जाणार नाही हे त्याला उमगले. मग तो जाईल कशाने? सावकाश, पण बराच वेळ रेटा देत राहणारे साधन हवे. असे साधन एकच, अग्निबाण. पुढे त्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. तो विद्यापीठाने स्वीकारला नाही. तेव्हा १९२३ साली त्याने तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि स्वतः शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. अंतराळप्रवासाच्या शास्त्राच्या मूळ ग्रंथांत आज त्या पुस्तकाची गणना होते.

त्याच्या आधी रशियात कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्हस्की होऊन गेला. जन्म १८५७. लहानपणी स्कार्लेट तापाने त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली, त्यामुळे शाळा अर्धवट राहिली. मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून त्याने आपला आपण अभ्यास केला आणि तोही शाळामास्तर झाला. अंतराळप्रवासाच्या कल्पनेचे बीज आपल्या मनात व्हर्नने पेरले, हे तो मोकळेपणाने सांगत असे. अग्निबाणाने अंतराळात कसे जाता येईल याचे गणित मांडणारा त्याचा लेख १९०३ साली प्रसिद्ध झाला. पण त्याच्याही आधी, १८९३ साली, त्याची ‘चंद्रावर’ नावाची एक गोष्ट प्रसिद्ध झाली होती. आधी गोष्ट, मग समीकरण, असा त्याचा क्रम आहे.

तिसरा अमेरिकन, रॉबर्ट गोडार्ड. १८९८ साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वाचली. पुढल्या वर्षी १९ ऑक्टोबरला तो चेरीच्या झाडाच्या वाळक्या फांद्या छाटायला वर चढला होता. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आले, मंगळापर्यंत जाणारे एखादे यंत्र करता आले तर काय बहार होईल! झाडावरून उतरलेला मुलगा चढलेल्या मुलाहून निराळा होता, अशा अर्थाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ती तारीख तो जन्मभर पाळीत राहिला. द्रव इंधनावर चालणारा जगातला पहिला अग्निबाण त्याने १६ मार्च १९२६ रोजी उडवला. उड्डाण अडीच सेकंदांचे आणि उंची ४१ फूट. आपल्याकडच्या माडाच्या उंचीपेक्षा काही फारशी जास्त नव्हे!

या गोडार्डची एक हकीकत शिक्षकांनी तर आवर्जून ध्यानात ठेवावी. १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या मातबर दैनिकाने अग्रलेखाच्या पानावर त्याची टिंगल केली. निर्वात पोकळीत रेटायला काहीच नसते, तिथे अग्निबाण पुढे जाईलच कसा, शाळेत रोज शिकवतात तेवढे ज्ञानही या प्राध्यापकाला नाही, असा त्या लेखाचा सूर होता. वास्तविक अग्निबाण हवेला रेटून पुढे जातच नाही. तो आपलाच वायू मागे फेकतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पुढे सरकतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला हवेची गरज नाही. अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या दैनिकाने आपली चूक दुरुस्त केली. गोडार्डला जाऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. शाळेतल्या ज्ञानाचा दाखला देणारे तोंडावर पडले, आणि कादंबरी वाचून झाडावर स्वप्न पाहणारा बरोबर ठरला.

आता कोणी म्हणेल, व्हर्न आणि वेल्स लाखो मुलांनी वाचले, त्यांतून असे निघाले किती? आक्षेप रास्त आहे. नुसत्या वाचनाने कोणी शास्त्रज्ञ होत नाही. या तिघांना वेगळे केले ते गोष्ट मिटल्यावर त्यांनी जे केले त्याने. त्यांनी कागद पुढे ओढला. आणि तसे करता आले, कारण त्या गोष्टींत आकडे होते, नियम होते, कारणे दिलेली होती. जादूच्या कांडीने राजपुत्र चंद्रावर गेला, तर त्यात तपासायचे काय? कांडीला चूक करण्याची मुभाच नसते. विज्ञानकथेला ती असते, आणि तिचे शैक्षणिक मोल नेमके तिथे आहे.

आपल्याकडे हे वाङ्मय केव्हा आले? फार उशिरा आले असे नाही. १८९६ साली बंगालीत जगदीशचंद्र बोस यांनी एक कथा लिहिली. निमित्त मोठे गमतीचे, एका केशतेलाच्या उत्पादकाने लावलेली कथास्पर्धा! कथेत तेलाची बाटली समुद्रात ओतताच खवळलेल्या लाटा शांत होतात. वादळ शमवणे ही अतिशयोक्ती झाली. पण तेलाच्या पातळ थराने पाण्यावरच्या तरंगांना आळा बसतो हे खरे आहे. खरे किती आणि ताणलेले किती, हे विद्यार्थ्याने परातभर पाण्यावर फुंकर घालून स्वतः पाहावे. बोस स्वतः कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत, हेही इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठीत व्हर्नचा चांद्रप्रवास १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने आला. त्यानंतरच्या दशकात श्री. बा. रानडे यांनी ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा लिहिली. विज्ञानाच्या प्रसारासाठी ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली निघाले. पण मुलांच्या हातात ही पुस्तके खऱ्या अर्थाने पडली ती भा. रा. भागवतांमुळे. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केले. फास्टर फेणेचे जनक म्हणून त्यांना सारे ओळखतात. पण ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा रूपांतरांनी त्यांनी व्हर्नला मराठी घरात बसवले. शेंडेनक्षत्र हा शब्दच पाहा ना! धूमकेतू म्हटले की ग्रहणे आणि अरिष्टे आठवतात; शेंडेनक्षत्र म्हटले की आजीच्या मांडीवर बसून पाहिलेले आकाश आठवते. परकी कथा आपल्या भाषेत कशी रुजवावी, याचा हा धडाच आहे.

१९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेने पुढे विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. केंब्रिजला ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या फ्रेड हॉयल यांनीही ‘काळा मेघ’ नावाची विज्ञान-कादंबरी १९५७ साली लिहिली होती. तेव्हा मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात काही उणेपणा नाही, हे त्यांनी गुरूकडूनच पाहिले होते.

नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तर इतिहासाच्या वर्गातही वाचावी. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली असती तर? इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. इंग्रजीत ही कथा अकरावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाली. ती वाचून विद्यार्थ्याला विचारावे, बाबा रे, एका गोळीवर खरोखर किती अवलंबून होते? पैसा, धान्य, उत्तरेतले मित्र, यांचे काय? तोफेचे गणित करताना जी बुद्धी लागते, तीच इथे कामाला लागते.

विज्ञानकथा शिकवायची म्हटले की आम्हां मास्तरांना एक मोह होतो. गोष्टीखाली दहा प्रश्न काढायचे, रिकाम्या जागा भरायला द्यायच्या आणि गुण वाटायचे. असे केले की गोष्टीचेही पाठ्यपुस्तक होते आणि मुलगा वहीआड दुसरेच काहीतरी वाचू लागतो. माझा अनुभव असा की गोष्ट आधी शेवटपर्यंत वाचू द्यावी. मग एकच विचारावे, यात तुला कुठे पटलं नाही? पहिल्या दिवशी वर्ग गप्प बसतो. छापलेले चुकीचे असू शकते, आणि ते आपण सांगायचे, याची आपल्या मुलांना सवय नाही. मार्गदर्शकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले की गुण मिळतात, हे ती लहानपणापासून पाहत आली आहेत. ही सवय मोडायची तर पाठ्यपुस्तकातल्या चुकीपासून सुरुवात करणे अवघड. गोष्टीतल्या चुकीपासून सोपे. गोष्टीवर शंका घेतली म्हणून कोणी रागावत नाही.

नारळीकरांची एक प्रथा होती. मुले त्यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. मे २०२५ मध्ये ते गेले. अशी सही असलेली कार्डे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जपून ठेवलेली असतील.

आता त्या कुत्र्याकडे वळू. दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक पत्र्याचा डबा नेला. तळाशी खिळ्याने भोक पाडले, पाणी भरले. धार लागली. मग गॅलरीतून डबा खाली सोडून दिला. मुले कठड्याला रेलून पाहत होती. डबा पडत असताना धार थांबली! डबा आणि पाणी दोन्ही एकाच गतीने पडत होते; कोणी कोणाला रेटत नव्हते. आपल्याला वजन जाणवते ते पायाखालची जमीन आपल्याला वर रेटते म्हणून. तोफेतून सुटलेला गोळा, बाहेरचा कुत्रा आणि आतली माणसे, सारी बरोबरच चाललेली. तेव्हा सारा प्रवासभर माणसांनी आत तरंगायला हवे होते. व्हर्नने मात्र त्यांना पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते त्या एका ठिकाणीच तरंगवले. कुत्र्याच्या बाबतीत तो बरोबर होता, माणसांच्या बाबतीत चुकला; आणि एकाच पुस्तकातल्या या दोन पानांचे भांडण माझ्या वर्गातल्या एका मुलाने पकडले. खणातले पुस्तक मी त्याला सगळ्यांसमोर परत दिले. माझे चुकले, असेही म्हणालो.

तो मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला, असे सांगता आले असते तर गोष्ट गोड झाली असती. तो झाला नाही. परीक्षेत त्याला बेताचेच गुण मिळाले आणि आज तो वडिलांचे हार्डवेअरचे दुकान पाहतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्याच आठवड्यात मी खिळे आणायला त्याच्याकडे गेलो होतो. पैसे घेता घेता त्याने विचारले, “सर, अपोलो चार दिवसांत पोचलं आणि आपल्या यानाला चाळीस दिवस लागले. असं का?”

या वेळी मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो नाही. त्याने बिलबुक माझ्याकडे सरकवले, मी कोऱ्या पाठीवर पृथ्वी काढली आणि तिच्याभोवती एकाहून एक मोठ्या लंबवर्तुळांच्या कक्षा काढू लागलो. लहान अग्निबाणाने थोड्या इंधनात दूर जायचे, तर झोका जसा दर हेलकाव्याला थोडा थोडा चढवतात तसे जावे लागते. दुकानात दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. ती रागावली नाहीत. तीही वाकून पाहू लागली.